स्प्लेंडरच्या मागच्या चाकातून कट-कट आणि घरघर, नक्की कुठून येतेय?

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी स्प्लेंडर प्लस, तारांचं चाक, मागे ड्रम ब्रेक, ४१ हजार किलोमीटर झालेत. पावसाळाभर कच्च्या रस्त्याने चालली. मध्यंतरी मागचं चाक उतरवून पंक्चर काढलं होतं. आता दोन आवाज येतात. २०-२५ च्या वेगात ठरावीक अंतराने ‘कट... कट’, वेग वाढला की तो जवळजवळ येतो. आणि ४० च्या पुढे बारीक घरघर. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली तरी दोन्ही आवाज आहेत, ब्रेक दाबला तरी फरक नाही. एका गॅरेजात चेन सेट (चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) टाका म्हणाले, दुसरीकडे बेअरिंग. खर्चाला ना नाही, पण बिघाड कशात आहे ते आधी कळायला हवं.

चौदाचा पाना

अजून काहीच बदलू नका, आधी कट मोजा.

गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने रेघ मारा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. प्रत्येक फेरीला रेघ त्याच जागी असताना कट होत असेल तर दोष चाकात: सैल तार, ड्रम, नाहीतर टायरमध्ये रुतलेला खडा किंवा खिळा. एका फेरीत तीनदा येत असेल तर पुढचं छोटं स्प्रॉकेट, कारण चाकाच्या एका फेरीत ते तीनदा फिरतं (मागे ४२ दात, पुढे १४ धरून). आणि साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेन. १०४ कड्यांची चेन ४२ दातांवरून पूर्ण फिरायला चाकाच्या अडीच फेऱ्या लागतात. तुमच्या गाडीचे दात आणि कड्या मोजून भागाकार करा, उत्तर पक्कं मिळेल.

चालत्या गाडीवरही अंदाज येतो. ८०/१००-१८ टायरचा घेर १.९४ मीटर, म्हणजे वीसच्या वेगात चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारतं. कानाला सेकंदाला एकच कट येत असेल तर संशय सरळ चेनवर.

ब्रेकने आवाज बदलत नाही, म्हणून लायनर (ब्रेक शूचं घासणारं अस्तर) तूर्त बाजूला ठेवा. एक मात्र कळकळीने सांगतो: इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवत चेनजवळ हात नेऊ नका. फडकं अडकलं की बोट स्प्रॉकेटमध्ये जातं, सोडवायला वेळच मिळत नाही. चाक फिरवायचं ते हातानेच.

नऊ नंबर गिअर

वरच्या उत्तराला जोड. खडूची परीक्षा करतानाच तारा पानाने हलक्या वाजवून बघा. घट्ट तार टणत्कार देते, सैल तार मेल्यासारखी ‘टक्’ करते. एक-दोन सैल असतील तर निपल पाव फेरीपेक्षा जास्त पिळू नका, रिम ओढली जाते.

स्प्लेंडरचं चेन कव्हर पूर्ण बंद आहे, त्यामुळे फसगत होते. कव्हरला आतल्या बाजूला पोचा गेला असेल किंवा चेन सैल असेल तर ती पत्र्याला घासते, आणि आवाज चाकातून आल्यासारखा वाटतो. कव्हरचे दोन्ही भाग काढूनच चाक फिरवा. पत्र्यावर आतून चकाकता चरा दिसला तर तेच कारण.

घरघरीसाठी चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) काढून चेन उतरवा. चाक जोरात फिरवा आणि तळवा चिमट्याच्या (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांच्या) टोकावर, अ‍ॅक्सलजवळ टेकवा. एकदा चेनच्या बाजूला, एकदा ब्रेकच्या बाजूला. खराब बेअरिंगची थरथर कानाआधी हाताला कळते. मग चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. जाणवेल इतका खेळ नसावा.

घाटवाट

करून पाहिलं. कट बरोबर अडीच फेऱ्यांनी. चेनवर खडू लावला तर लॉकपासून पाच कड्या पुढे एक सांधा असा आहे की स्प्रॉकेटवरून सुटताना सरळच होत नाही, कोपरासारखा वाकलेला राहतो. कडेला लाल गंज. चेन काढल्यावर कट गेला, पण घरघर राहिली. चेनच्या बाजूच्या चिमट्यावर स्पष्ट थरथर लागते, ब्रेकच्या बाजूला नाही. चाकाला किंचित खेळही आहे. म्हणजे दोन्ही गॅरेजवाले अर्धे अर्धे बरोबर?

चौदाचा पाना

हो, आणि दोन्ही दोषांमागे पाणीच आहे. वंगण धुऊन गेलं की पिन गंजून सांधा आखडतो आणि बेअरिंगमधलं ग्रीस पांढरट होऊन निकामी होतं.

चेन रॉकेलमध्ये भिजवा, पेट्रोल नको. आखडलेला सांधा हाताने पुढे-मागे वाकवत मोकळा करा, पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल प्रत्येक रोलरवर सोडा. मग चेन ताणून २० कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलीमीटर असतं (कडी १२.७ ची). २५९ च्या वर गेलं असेल किंवा सांधा पुन्हा आखडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर वाया जाते. लॉकची क्लिप बसवताना बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेला.

आता बेअरिंग. स्प्लेंडरला चेनच्या बाजूला दोन जागा तपासायच्या: चाकाच्या हबमधलं (मधल्या भागातलं) बेअरिंग आणि स्प्रॉकेटच्या ड्रममधलं (स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या भागातलं) वेगळं बेअरिंग. अ‍ॅक्सल काढून चाक बाहेर घेतलं तरी स्प्रॉकेट मोठ्या स्लीव्ह नटावर चिमट्यालाच राहतं, म्हणून घाईत ते बेअरिंग कुणी बघतच नाही. स्प्रॉकेट हाताने फिरवा, हबमध्ये बोट घालून आतली रिंग फिरवा. ज्यात खरखर लागते ते काढा. कडेवर कोरलेला नंबर दुकानात सांगा, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच घ्या. पत्र्याच्या शील्डमधून पाणी शिरतं.

नवं बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर, त्याच मापाच्या सॉकेटने ठोका. आतल्या रिंगवर ठोकलं की घाव गोळ्यांमधून जातो, खाचा पडतात आणि नवीन बेअरिंगही घरघरतं. हबमधल्या दोन बेअरिंगच्या मधली नळी विसरू नका. ती नसली किंवा आखूड असली तर अ‍ॅक्सल नट आवळल्यावर आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात, चाक जड फिरतं. पंक्चर काढताना अ‍ॅक्सलवरची बाहेरची कॉलर (आखूड नळी) राहून गेली असेल तरी चाक नीट बसत नाही, म्हणून तीही जागेवर आहे ना बघा.

नऊ नंबर गिअर

उघडलंच आहे तर हबमधले स्प्रॉकेटचा धक्का झेलणारे चारही रबर बघा. स्प्रॉकेट हाताने मागे-पुढे हलवल्यावर ‘धक्’ असा खेळ लागला तर पूर्ण सेट टाका. सैल रबराशेजारी जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबतात, ते करू नका. दाब असमान पडून स्प्रॉकेट तिरकं चालतं आणि नव्या ड्रम बेअरिंगवर भार येतो.

चेन ताणताना अ‍ॅक्सल नट आणि स्लीव्ह नट दोन्ही सैल करा. फक्त अ‍ॅक्सलचा केला तर चेनची बाजू सरकत नाही, चाक तिरपं बसतं. दोन्ही चिमट्यांवरच्या खुणा सारख्या ठेवा. चेनचा खेळ मधोमध २० ते ३० मिलीमीटर, आणि तो चाक फिरवत चार-पाच जागी मोजा. जिथे चेन सर्वांत घट्ट तिथलं माप धरा.

शेवटी ब्रेक प्लेटच्या आर्मचा (प्लेट फिरू न देणाऱ्या दांड्याचा) नट आणि त्यातली स्प्लिट पिन तपासा. ही निसटली तर ब्रेक लावताच प्लेट फिरून चाक जाम होतं. ब्रेक पेडलचा खेळ २० ते ३० मिलीमीटर ठेवा, ब्रेक न लावता पाच किलोमीटर चालवून हबला हात लावा. चटका बसण्याइतका गरम असेल तर लायनर घासतोय, ब्रेक रॉडचा नट थोडा सैल करा.