वाटून खायचं तर भाकरी आधी सांगा

ताई, तुम्ही वर लिहिलंय की बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या छोट्या खानावळीत दोघांत मिळून चार ताटल्या मागवल्या, तरी पोट भरलं नाही. आम्ही तिथं चौघं जातो आणि बसल्या बसल्या जोंधळ्याची भाकरी सांगून टाकतो. ती तव्यावरून यायला वेळ लागतो. तोवर ताटल्या संपल्या की सगळंच अपुरं वाटतं.

आणि पाटी वाचण्यापेक्षा ‘आज बाजारातून काय आलंय’ हे विचारा. पावसाळ्यात खानापूरकडची अळंबी येते, जेमतेम काही आठवडे. मागच्या आषाढात ती नुसत्या कांदा-खोबऱ्यात परतून दिली होती, तिखट अगदी बेताचं. आईनं शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली. नवरात्राच्या सुमाराला आपल्या तालुक्यातली रताळी. थंडीत एण्णेगाई, म्हणजे कोवळी भरली वांगी, आत शेंगदाणा, तीळ, कारळ्याचं कूट. ती एक ताटली चौघांत पुरत नाही, दुसरी लागतेच.

दर जास्त आहे, मान्य. पण रानात फिरून अळंबी वेचायला बायकांचा अख्खा दिवस जातो, तो पैसा मला जड वाटत नाही. पुढच्या खेपेला पौषात जा, हुरड्याच्या दिवसांत, आणि सोबत शेंगा चटणी मागून घ्या.