मदत हवी आहे: हेडफोनवर फोन वाटणारा आवाज भोंग्यावर फोन का वाटत नाही?

नमस्कार राजेहो. मी वडशाकडचा. दिवसा इलेक्ट्रिकचं दुकान, अन् दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं साउंड. यंदाच्या नाटकात तीन आवाज रेकॉर्ड करून लागत होते. बाप धानाच्या बांधावर रेडिओ ऐकतो तो, एसटीडी बूथवरून पुण्याच्या पोराला फोन लावतो तो, अन् ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरची दवंडी. काळ १९९५ च्या आसपासचा, म्हणून मोबाइल नाही.

ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्टर कर्व्ह ईक्यू'त टेलिफोन आणि एएम रेडिओ असे तयार प्रीसेट आहेत, तेच लावले. रेडिओला खालून जराशी घरघरही दिली. हेडफोनवर बायकोला ऐकवलं तर म्हणाली, हुबेहूब.

पहिला प्रयोग शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री. पोराचा आवाज सुरू झाला अन् पुढच्या रांगेतला एक म्हातारबा मोठ्यानं म्हणाला, "पोट्टा आला वाटते पुण्याहून!" सगळा मंडप हसला. बापाच्या रडण्याचा सीन होता तो. नट अजून माझ्याशी धड बोलत नाही.

सामान असं: मंचावर वरून लोंबणारे तीन माईक, मैदानात चार भोंगे, मंचाच्या दोन्ही अंगाला एकेक बॉक्स. बॉक्स ऑर्गन-तबल्यासाठी, बाकी सगळं भोंग्यावर. फोनचा आवाज वाढवून पाहिला, नुसता कर्कश झाला. नवीन सामानाला मालक पैसे देणार नाही, हे धरूनच सांगा.

रोहित्र:
भाऊ, तुमचे भोंगेच टेलिफोन आहेत! जुन्या फोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोचवते. भोंग्याचं युनिटही खालचा आवाज तिथेच कुठेतरी सोडून देतं. म्हणजे बापाचा आवाजही त्याच चाळणीतून येतो अन् पोराचाही. एकदा चाळलेलं धान त्याच चाळणीतून परत काढलं तर काय वेगळं पडणार? हेडफोनला खर्ज असतो, म्हणून घरी फरक कळला.

दोन गोष्टी करा. नटांचे माईक बॉक्सवर जास्त घ्या, भोंग्यावर कमी. पोराचा ट्रॅक फक्त भोंग्यावर, तोही चारपैकी एकाच. फोन हा फोन वाटतो तो शेजारी भरीव आवाज असला तरच.

मग ट्रॅक अजून अरुंद करा, ५०० ते २५०० हर्ट्झ. आधी डिस्टॉर्शनमधलं हार्ड क्लिपिंग (आवाजाची टोकं छाटून तो फाटका करणं) थोडं द्या आणि फिल्टर त्याच्यानंतर लावा. उलटं केलं तर क्लिपिंगनं तयार झालेली वरची किरकिर तशीच राहते. जुन्या रिसीव्हरमध्येही क्रम हाच होता, कार्बनच्या कणांच्या माईकमध्ये आवाज आधी बिघडायचा, मग लाइनवर कापला जायचा.

काडीपेटी:
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं म्हणून लिहितो. फिल्टर नंतर बघा, आधी घंटी ऐकवा. बूथवरून फोन लावला की लावणाऱ्याला जी 'टुर्र टुर्र' ऐकू येते ती आपल्याकडे ४०० हर्ट्झची, २५ हर्ट्झनं थरथरणारी. ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४, मग २ सेकंद गप्प. तीन वेळा वाजवा, मग खट्, मग "हॅलो". चाळिशीच्या वरचा एकही माणूस पोरगा आला म्हणणार नाही. अन् पोरगा गप्प असताना ट्रॅक कोरा ठेवू नका, लाइनची बारीक खरखर चालू राहू द्या. रिसीव्हर ठेवला की खरखर एकदम बंद. रडू तिथेच येतं.

आणखी एक. 'स'चा जोर ३४०० च्या वरच जास्त, म्हणून फोनवर 'स' अन् 'फ' यांत घोळ व्हायचा. नाव लिहून घेताना आम्ही विचारायचो, सशाचा की फणसाचा? तुमच्या नटाला म्हणा, एका कानात बोट घालून ओरडून बोल, अन् दोनदा "का म्हणतं?" विचार. लांबचा फोन लागला की सगळे असेच ओरडत. अर्धा इफेक्ट त्यातच आहे.

बांधावरचा:
रेडिओची घरघर काढा हो! ती विजेवरच्या सेटची, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे १०० हर्ट्झवर येते. बांधावर वीज कुठून आली? सेलच्या रेडिओला ती नसतेच. त्याऐवजी वीज चमकल्यासारखी अधूनमधून कडकड द्या. आकाशवाणी नागपूर मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरानं, एका केंद्राच्या वाट्याला दोन्ही बाजूंना त्याचं निम्मं, म्हणून साडेचार हजार हर्ट्झच्या वरचं काही ठेवू नका.

खरं तर फिल्टरची गरजच नाही. जुन्या रेडिओचं खोकं घ्या, आत चार इंची स्पीकर बसवा, मोबाइलवरून वाजवा आणि लोंबत्या माईकला उचलू द्या. हॉलिवूडचा साउंड डिझायनर वॉल्टर मर्च सिनेमात हेच करायचा, आवाज खऱ्या जागेत वाजवून परत रेकॉर्ड करायचा. तुमच्या दुकानात असा स्पीकर पडलेला असेलच.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. काल आरमोरीकडे प्रयोग झाला. घंटी वाजली अन् मागून कोणीतरी बायको-पोरांना "चूप रे, फोन लागला" म्हणालं. मी मिक्सरमागे एकटाच हसलो. फोन फक्त डावीकडच्या भोंग्यावर सोडला होता. ५०० पासून कापला तर शब्द कळेनात, ४०० वर ठेवलं.

खोक्यातला रेडिओही जमला, फक्त नट त्याला पाठ करून उभा राहिला की माईकला काही मिळत नाही. तिथे खडूनं खूण केली. आता दवंडी राहिली. ती गावातून आल्यासारखी न वाटता मंडपातच कोणी बोलल्यासारखी वाटते.

रोहित्र:
आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. गावात एक भोंगा देवळावर, दुसरा ८५ मीटर लांब शाळेवर, असं धरा. म्हणजे तोच आवाज पाव सेकंदानं पुन्हा, हळू आणि वरचा भाग कापून. लांबून येताना बारीक आवाज आधी मरतो. सुरुवातीला माईकवर दोन टिचक्या अन् एक छोटी शिट्टी द्या, माईकनं भोंग्याचाच आवाज परत उचलला की येते ती.

धागाकर्ता:
शिट्टी तर आमच्याकडे फुकटच येते. रविवारी गोंडपिपरीकडे प्रयोग आहे, तिथे पाव सेकंदाचं करून पाहतो अन् इथेच कळवतो.