ऑर्डरीची गाणी: बैलाचं, भाऊंचं, मंडळाचं

कोरेगावकर

२०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात मैदानांची जेवढी गर्दी, तेवढीच मैदानांच्या गाण्यांची. एखादा बैल मोठ्या मैदानात फायनल मारतो न मारतो तोच त्याच्या नावाचं गाणं मोबाईलवर हजर. त्यात मालकाचं नाव, गावाचं नाव, ड्रायव्हरचं नाव, शेवटी सौजन्य करणाऱ्याचं नाव. बैल बदला, नावं बदला, बाकी गाणं तेच. भाऊ-दादांच्या वाढदिवसाच्या गाण्यांची तीच तऱ्हा, गणेश मंडळांच्या एंट्रीच्या गाण्यांचीही तीच.

या धाग्यावर माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने तो बैल पळताना पाहिलेला नाही, त्याने पैसे घेऊन त्याची आरती ओवाळायची, ही जाहिरात झाली, गाणं नव्हे. कवठे महांकाळकडच्या आरेवाडीला बिरोबाच्या बनात धनगर ओव्या म्हणतात तेव्हा त्यांना कुणी नावांची यादी पाठवलेली नसते. त्यांना म्हणायचं असतं म्हणून ते म्हणतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगितला की लोक ‘जमाना बदलला’ म्हणून वाटेला लावतात. इथे तसं करू नका.

मिरजेची तार

जमाना बदललेला नाही, हीच माझी तक्रार आहे तुमच्या मांडणीवर. पैसे घेऊन स्तुती हा गुन्हा धरला तर पहिल्यांदा पोवाडाच आत जाईल. अफझलखानाच्या वधावर अगिनदासाने पोवाडा केला, तो जिजाऊंच्या सांगण्यावरून, आणि त्याबद्दल त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असं परंपरेने सांगत आलेत. उत्तर पेशवाईतल्या शाहिरांना दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. तमाशात दौलतजादा काय होती? नोट पुढे केली की फडावरून नाव पुकारायचं, आणि नाव पुकारावं म्हणूनच नोट पुढे यायची. तुमच्या बैलाच्या गाण्यातली सौजन्याची ओळ तिथूनच आली आहे.

लांब कशाला जायचं, सांगलीतच थांबू. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते कुणाच्या इच्छेवरून? सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या. ज्याला आपण मराठी रंगभूमीची सुरुवात म्हणतो, ती ऑर्डरीवरच झाली. आणि आपल्या नागठाण्याचे बालगंधर्व १९१३ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढून बसले ते काही धर्मादाय नव्हतं. तिकीट विकलं जात होतं, भारी पडदे, भारी शालू, अत्तर, आणि पाठोपाठ कर्ज. धंदा होता. फक्त हिशोबात कच्चा होता.

कोरेगावकर

भाव्यांचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. पटवर्धनांनी भाव्यांना नावांची यादी दिली नव्हती. एक गोष्ट रंगवून दाखव म्हणाले आणि समोर बसून पाहिली. आश्रयदात्याला कान असायचा. निदान नाटक संपेपर्यंत तो जागेवरून उठायचा नाही. आजचा आश्रयदाता आपलं नाव येईपर्यंत गाणं ऐकतो, तेवढाच तुकडा कापून स्टेटसला ठेवतो. त्याच्या लेखी पुढचं गाणं नसलं तरी चालेल.

वाळव्याची सून

माहेर पुसेगावकडचं, सासर वाळवा तालुक्यात. म्हणजे बैलही पाहिले आणि शाहिरांचा मुलूखही.

कोरेगावकर, बैलाचं गाणं ज्याच्यासाठी केलेलं असतं त्याच्या दारात उभं राहून कधी ऐकलंय का? आमच्या शेजाऱ्यांचा बैल गेला, वयाने गेला, तर त्यांनी तेच ऑर्डरीचं गाणं लावून त्याला ट्रॅक्टरवरून नेला. म्हातारी ढसाढसा रडत होती. गाणं भिकार होतं, तुमच्याशी सहमत. पण म्हातारीचं रडणं काही सौजन्याने नव्हतं. गाणाऱ्याला बैल माहीत नसेल, ऐकणाऱ्याला होता.

दुसरं. आमच्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. कुळकर्णीपण सोडून लावणीच्या मागे गेले, मुंबईच्या थिएटरांत फड गाजवला, तिकीट लावून. त्या काळच्या सभ्य लोकांनी त्यांना काय म्हटलं असेल याचा विचार करा. ‘बाजारू’ हाच शब्द असणार. आज त्यांच्या नावाने राज्य शासन कार्यक्रम करतं. तेव्हा आजचं बाजारू उद्या ‘अस्सल’ होतं, एवढं मला कळतं.

तिसरं मात्र तुमच्या बाजूचं. भाऊंच्या वाढदिवसाची जी गाणी येतात, त्यात तलवारी, ‘नाद करायचा नाय’, कुणाला तरी गाडण्याची भाषा, ती मला नको आहेत. पण त्याचं कारण पैसे नाहीत. फुकट केली असती तरी नको असती.

हलगी घुमकं

आमी वाजवणारं हाय, लिवणारं न्हाई. चुकलं-माकलं समजून घ्या.

तुमा सगळ्यांचं भांडण पैसं घ्यावं का न्हाई यावर चाललंय. आमी सुपारी घेतल्याबिगर कवाच वाजवलं न्हाई. आज्ज्यानं घेतली, बापानं घेतली. जत्रा, कुस्तीचं मैदान, लगीन, मयत. मयतीला पण बिदागी असती. मग आमचं वाजवणं खोटं व्हतं व्हय?

माझं दुखणं येगळंच हाय. बैलाच्या गाण्यात हलगी हाय का? हाय. कडकडती हाय. पर ती कुणी वाजवलीच न्हाई. कुणीतरी कवातरी एकदा वाजीवली, त्याचा तुकडा कापून काँप्युटरात ठेवला, आता तोच हजार गाण्यांत. खरी हलगी कातड्याची, पावसाळ्यात सैल पडती, जाळावर धरून तापवावी लागती. घुमकं (साथीचा ढोल) आन् कैताळ (झांज) संगं लागतं, म्हंजी तीन-चार घरं जेवत्यात. काँप्युटरातली तापवावी लागत न्हाई आन् तिला जेवायला पण लागत न्हाई.

अस्सल-नक्कल तुमी ठरवा. माझी सुपारी कुठं गेली ती सांगा.

ट्रॅक नंबर चार

कराडात छोटा स्टुडिओ आहे, अशी गाणी मी करतो. लपवत नाही.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे हवेतल्या गप्पा कमी होतील. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर नावांची यादी पाठवतं, बहुतेक वेळा रात्री, आणि गाणं परवाच्या मैदानाला पाहिजे असतं. ट्रॅक आधीच तयार असतो. शब्द बसवायचे, गायक बोलवायचा, दीड-दोन तासांत आवाज घ्यायचा, मिक्स करून पाठवायचं. त्या बजेटात हलगी, घुमकं, कैताळ असा ताफा बोलवला तर माझ्या हातात वीजबिलाचे पैसेही उरत नाहीत. आणि चामड्याच्या हलगीचं रेकॉर्डिंग सोपं नाही. बंद खोलीत ती सगळ्या माइकांत घुसते. दादांना माहीत असेल, आता बरेच वाजवणारेसुद्धा प्लास्टिकच्या पानाची हलगी आणतात.

ऑनलाइन ऐकण्याचे पैसे मिळतात हा तर गोड गैरसमज. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजतात, म्हणून सगळं आकर्षण गाण्याच्या तोंडाशी कोंबावं लागतं. त्यात २०२४ पासून वर्षभरात एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच नाही. आमच्या तालुक्यातल्या बैलाच्या गाण्याचं काय होत असेल ते ओळखा. म्हणून पैसे ऐकणाऱ्याकडून येत नाहीत, ज्याचं नाव आहे त्याच्याकडून येतात. कोरेगावकरांना आश्रयदात्याला कान हवा आहे. मलाही हवा आहे. पण ज्यांना कान आहे, ते फुकट ऐकतात.

कोरेगावकर

शेवटचं वाक्य टोचलं, मान्य. तरीही एक विचारतो. गायकाचा आवाज मशीनमधून सरळ करून घेता तेव्हा तो गायक कशाला लागतो? ते ऑटोट्यून १९९७ साली ज्याने बाजारात आणलं, तो अँडी हिल्डब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीत सोडलेल्या लहरींचं विश्लेषण करायचा. म्हणजे भूगर्भ तपासायचं गणित आमच्या गळ्याला लावलं. आता गावातला कुठलाही पोरगा सुरात. सगळे एकाच सुरात. जर्मनीतल्या ‘मिली व्हॅनिली’ नावाच्या जोडीने स्वतः गायलंच नव्हतं हे १९९० मध्ये बाहेर आलं, तर त्यांचा अमेरिकेतला ग्रॅमी काढून घेतला. आपल्याकडे कुणी काही काढून घेत नाही.

मिरजेची तार

आता माझ्या गल्लीत आलात.

सूर मशीनने सरळ करण्याचं भांडण सांगलीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बाजारातल्या पेटीचे बारा सूर आपल्या गाण्यावर अन्याय करतात म्हणून ते बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक सूर, मोजायला बसले, १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश सोबतीला. आणि मोजण्यासाठी गळा कुणाचा, तर मिरजेचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा. श्रुतींची पेटी तयार झाली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. एवढं करूनही आज भजनी मंडळापासून मैफलीपर्यंत तीच बारा सुरांची पेटी आहे आणि तिला कुणी परकी म्हणत नाही.

ऑटोट्यूनचं मी समर्थन करत नाही. देवलांना जे पेटीत खुपलं तेच त्यात आहे, गंधार जिथे हलायला हवा तिथे तो खिळ्यासारखा बसतो. माझा आक्षेप सौंदर्याचा आहे, पावित्र्याचा नाही. खाँसाहेबांनी तबकड्या दिल्या तेव्हा तास-तासभराचा राग तीन-सव्वातीन मिनिटांत बसवला, कारण तबकडी तेवढीच होती. ती बाजाराचीच अट होती. त्या तबकड्या आजही ऐकवतात तेव्हा अंगावर काटा येतो. अटीत राहून काय करता, एवढाच प्रश्न आहे. आणि ट्रॅकवाले दादा, रागावू नका, तुम्ही अटीत राहून काहीच करत नाही आहात. यादी वाचून दाखवताय.

वाळव्याची सून

जरा अवांतर, पण कोरेगावकरांच्या ‘स्वतः म्हणायचं असतं म्हणून म्हणतात’ या कसोटीवर. २०२३ मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपलं राज्यगीत ठरलं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, गळा शाहीर साबळ्यांचा, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातल्या वाईजवळच्या पसरणीचा. तिघांतल्या कुणाला नक्की ‘म्हणायचं’ होतं? शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा, तरी ते कुणाला उसनं वाटत नाही. मिली व्हॅनिलीवाल्यांचं पाप दुसऱ्याचा गळा आपला म्हणून विकण्याचं. साबळ्यांनी बढ्यांचे शब्द आपले म्हणून विकले नाहीत.

कोरेगावकर

हे मान्य करायला हरकत नाही. मग माझं म्हणणं असं मांडतो: कुणी काय केलं ते गाण्यावर लिहिलेलं असावं. बैलाच्या गाण्यात सौजन्य करणाऱ्या बारा जणांची नावं असतात. शब्द कुणाचे, हलगी कुणाची, हे कुठेच नाही. वर ट्रॅकवाल्यांनी स्वतःच सांगितलं, ट्रॅक आधीच तयार असतो. कुणी केला तो?

ट्रॅक नंबर चार

काही विकत घेतलेले, काही माझे. काही, खरं सांगायचं तर, मित्राकडून आलेले, आणि मित्राला कुठून आले ते मी विचारलं नाही.

शब्द लिहिणारा पोरगा बारावीचा आहे. त्याला गाण्यामागे रोख देतो आणि चॅनलच्या नावाने कागदावर सही घेतो, सगळे हक्क कायमचे.

मिरजेची तार

तो कागद तुम्ही समजता तेवढा भक्कम नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा असा लिहून देताच येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सोडून. त्या पोराला हे कुणी सांगितलंय का? एकरकमी पैसे घेऊन मोकळं होणारे गीतकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्यांचं पुढे काय झालं ते पठ्ठे बापूरावांच्या शेवटच्या हलाखीत दिसतं.

हलगी घुमकं

कायदा गाणं लिवणाऱ्याला हाय. वाजवणाऱ्याला काय हाय?

मिरजेची तार

वाजवणाऱ्यालाही कलाकार म्हणून हक्क आहेत, पण कुणी वाजवलं हेच कुठे लिहिलेलं नसेल तर ते कुणाच्या नावाने मागणार?

हलगी घुमकं

मग ट्रॅकवाल्या दादांनी एक करावं. पुसेगावच्या मैदानाचं पुढचं गाणं येईल त्यात मला बोलवा. रोख ठरवू. आन् सौजन्यवाल्यांच्या बाराव्या नावाच्या खाली हलगी कुणाची ते टाका.

ट्रॅक नंबर चार

नाव टाकतो, त्याला काय पैसे पडत नाहीत. ताफ्याचे पैसे मात्र गिऱ्हाईक देणार नाही. एकट्याने यावं लागेल, आणि एका तासात उरकावं लागेल.

हलगी घुमकं

एकटी हलगी म्हंजी घुमक्याबिगर? तसली तर तुमच्या काँप्युटरात हायच की.

कोरेगावकर

घुमकं आणि कैताळवाल्यांची बिदागी किती होईल ते सांगा. या धाग्यावर पाच जण आहोत. पण सौजन्यात आमचं नाव नको.

वाळव्याची सून

माझं चालेल की! गावासकट टाका.