अण्णांना कोलेस्टेरॉलच्या औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात. सही करावी का?

मिरजकर:
नमस्कार. आमचे अण्णा ६४ वर्षांचे. मधुमेह सतरा वर्षांपासून. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनीन १.९ (किडनी मंदावली की हा वाढतो), ईजीएफआर ३८ (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, हा उतरतो), लघवीतून प्रथिनं जातात. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉलच्या एका नव्या गोळीची ट्रायल सुरू आहे, किडनीचेच पेशंट हवेत, तुम्ही त्यात बसता. तपासण्या मोफत, जाण्यायेण्याचं भाडंही मिळणार. अण्णा तिथल्या तिथे हो म्हणून आले.

घरी आल्यावर २६ पानांचं मराठी माहितीपत्रक मी मोठ्याने वाचायला घेतलं. सहीच्या पानावर नॉमिनीचं नाव आणि अण्णांचं वार्षिक उत्पन्न विचारलंय. आईने कागद माझ्या हातातून काढून घेतले आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिले. "माणूस धडधाकट बसलाय आणि हे वारस लिहून घेतात," म्हणते. शिवाय निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी देणार. ती अण्णांच्या वाट्याला आली तर? आणि मुळात किडनी बिघडलीय, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय काम? गुरुवारी परत बोलावलंय. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

धायरीची ताई:
मिरजकर, मी पुण्यात अकरा वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते, त्यातली बरीच किडनी आणि हृदयाच्या अभ्यासांवर गेली. आधी आईंची भीती. नॉमिनीचा रकाना या गोळीत काही जास्त धोका आहे म्हणून नाही. नव्या औषधांच्या ट्रायलच्या संमतीपत्रात तो कायद्यानेच घालावा लागतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यायची, हे २०१९ च्या नियमांत आहे. भरपाई कुणाच्या हातात द्यायची, त्यासाठी ते नाव. आईंना हे शांतपणे सांगा. माझ्यासमोर कितीतरी बायका याच रकान्यापाशी रडल्यात.

आता औषध नसलेली गोळी. अण्णा आत्ता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, घेतात का? घेत असतील तर ती चालूच राहणार का, आणि नवी गोळी तिच्या जोडीला आहे का, एवढं स्पष्ट विचारा. चालू औषध बंद करून नुसती रिकामी गोळी देणार असतील तर मी माझ्या वडिलांना पाठवणार नाही.

कोलेस्टेरॉल कशाला, हा प्रश्न अगदी बरोबर विचारलात. किडनी अधू झाली की हार्ट ॲटॅकचा धोका वाढतो. डायलिसिसची पाळी येण्याआधीच हृदयाने गेलेले पेशंट मी पाहिलेत. तरी स्टॅटिनच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये क्रिएटिनीन वाढलेल्यांना बहुतेक बाहेरच ठेवलं होतं. ऑक्सफर्डच्या 'शार्प' अभ्यासाने ती उणीव भरून काढली. किडनीचे सुमारे ९,२७० पेशंट, सिमव्हास्टॅटिन २० आणि इझेटिमाईब १० मिलिग्रॅम, सुमारे पाच वर्षं. २०११ साली निकाल छापून आला. ॲटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना औषध घेणाऱ्यांत शंभरी ११.३, न घेणाऱ्यांत १३.४. किडनीची घसरण मात्र थांबली नाही. म्हणजे गोळी हृदयासाठी, किडनी सुधारेल या आशेने सही करू नका. डायलिसिसवरच्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यावरच्या स्टॅटिनच्या दोन चाचण्या, जर्मनीतली '४डी' आणि नंतरची 'अरोरा', दोन्हींत कोलेस्टेरॉल छान उतरलं, पण ॲटॅक आणि मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. म्हणूनच किडनीवाल्यांची वेगळी चाचणी लागते, नुसता रिपोर्ट पाहून भागत नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. अशा ट्रायलमध्ये कोलेस्टेरॉलचा आकडा पेशंटला सोडा, डॉक्टरलाही सहसा दाखवत नाहीत. आकडा दिसला की कुणाला कुठली गोळी आहे ते लगेच कळतं. भोरचे एक काका बाहेरच्या लॅबमधून रिपोर्ट काढून आले, घडी घालून खिशात ठेवलेला. "मॅडम, मला खरी लागलीय," म्हणाले. आनंदाने डोळे भरून आले होते त्यांचे. मला मात्र त्याची नोंद करून वर कळवावं लागलं. अण्णांना आधीच सांगून ठेवा.

आणि सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून घ्या. साईटवर कुणालाही फुकट पाहता येतं. सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. पेशंटच्या हितासाठी ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिक समितीचा फोन त्यात असतोच.

नाशिकचा गोविंद:
मी दोन वर्षं अशाच ट्रायलमध्ये होतो. भेटीच्या आधी तीन दिवस सकाळची पहिली लघवी बाटलीत भरायची, वर तारीख लिहायची, फ्रीजमध्ये ठेवायची. सून बिचारी काही बोलली नाही, पण मी त्या बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून खालच्या कप्प्यात ठेवायचो. उरलेल्या गोळ्याही परत न्यायच्या, तिथे ट्रेमध्ये ओतून समोर मोजतात. चुकली तर चुकली म्हणून सांगा, कुणी ओरडत नाही.

माझी तक्रार एकच. आमच्या सेंटरवर वर्षात तीन कोऑर्डिनेटर बदलले आणि सकाळी सातपासून उपाशी माणसाला दुपारी बाराला रक्त घ्यायला बोलवायचे. मधुमेह असलेल्याला हे झेपत नाही. रक्त किती वाजता घेणार ते फोन करून पक्कं करा, आणि डबा बरोबर न्या. ट्रायल संपल्यावर औषध मिळणार की नाही, तेही आत्ताच विचारा. मी विचारलं नव्हतं.

किडनीवाला निवासी डॉक्टर:
ट्रायलआधी एक बघा. अण्णांना डापाग्लिफ्लोझिन (मूळची मधुमेहाची, किडनीलाही जपणारी गोळी) किंवा त्याच जातीची गोळी चालू आहे का? तिच्या २०२० च्या चाचणीत, ४,३०४ पेशंटमध्ये, किडनी निम्म्याहून ढासळणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयाने मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी झालं. त्याच वर्षी आपल्याकडे पेटंट संपलं आणि किमती उतरल्या. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्याला हे आधी मिळायला हवं. सुरुवातीला ईजीएफआर थोडा खाली येतो, तेव्हा घाबरून मनानेच बंद करू नका. अर्थात अण्णांना ती चालेल का, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

मिरजकर:
गुरुवारी जाऊन आलो. अण्णांची स्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन, चालूच राहणार, नवी गोळी जोडीला. अकराव्या पानावर लिहिलंच होतं, मी तिथवर पोचलोच नव्हतो. डापाग्लिफ्लोझिन चालू नव्हती. विचारल्यावर डॉक्टरांनी जुने रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि लिहून दिली. ती सुरू करून डोस काही आठवडे स्थिर झाल्यावरच ट्रायलची तपासणी करता येते म्हणाले, म्हणून सही पुढे गेली. अण्णा नाराज आहेत, त्यांना ट्रायल कालच सुरू करायची होती. आईने कागद खणातून काढून दिलेत, पण नॉमिनीच्या रकान्याचं अजून काही बोलली नाही. ताई, तिला एकदा तुमच्याशी फोनवर बोलायचंय. चालेल का?