मुलाच्या दम्यासाठी डीएनए टेस्ट करावी का? साडेबारा हजार सांगतायत

नाशिकची_आई

नमस्कार, माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षापासून याची प्रत्येक सर्दी छातीत उतरते, रात्री दोन-अडीचला खोकत उठून बसतो, छातीला कान लावला की शिट्टी वाजल्यासारखं ऐकू येतं. वर्षभरात तीनदा रात्री नेब्युलायझरसाठी पळालोय, एकदा दोन दिवस ॲडमिट. डॉक्टरांनी दमाच आहे असं स्पष्ट सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ स्पेसरने (पंपाला लावायची ती प्लॅस्टिकची नळी) पंप आणि रात्री ती गुलाबी चघळायची गोळी. खरं सांगायचं तर पंप रोज होत नाही, जरा बरा दिसला की मी बंद करते, कारण सासूबाईंचं एकच पालुपद, एवढ्याशा पोराला पंपाची सवय लावू नकोस. रक्तात आयजीई (ॲलर्जीत वाढतं ते) ८७० आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ६२० आलेत.

आता मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकाने एका लॅबचं पत्रक दिलंय, थुंकीवरून डीएनए टेस्ट, दम्याचं मूळ म्हणे जीनमध्ये सापडतं, साडेबारा हजार. आणि न्यू जर्सीची नणंद म्हणते तिकडे मॉलिक्युलर इंजेक्शनं आलीत, तिच्या मैत्रिणीच्या मुलीला महिन्याला एक देतात आणि ती आता फुटबॉल खेळते. मग आपणच जुन्या पंपावर का बसलोय? टेस्ट करून घ्यावी का? कुणी केली असेल तर सांगा प्लीज.

मृगाचा_पाऊस

मला लहानपणी आजोबा मृगाला हैदराबादला दम्यावर औषध म्हणून मासा गिळायला घेऊन जायचे, सलग तीन वर्षं नेलं. मासा अजून आठवतो, दमा गेल्याचं काही आठवत नाही. आता चाळिशी उलटली, पंप घेतो आणि रोज जिने चढतो. डीएनएचं कळत नाही मला, पण पंप असा मधेच बंद करू नका ताई.

पिपेटवाली

ताई, मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये श्वासनलिकेच्या पेशी वाढवते, त्यामुळे फक्त जीनच्या भागावर बोलते. ती टेस्ट करू नका.

२००७ साली लहानपणी दमा झालेल्या ९९४ जणांची दमा नसलेल्या १२४३ जणांशी तुलना झाली होती, त्यात १७ नंबरच्या क्रोमोसोमवर ओआरएमडीएल३ नावाच्या जीनच्या आसपास डीएनएत फरक असलेली एक जागा सापडली. नंतर कितीतरी अभ्यासांत तीच जागा पुन्हा पुन्हा दिसली, म्हणजे शोध पक्का आहे. पण तोच फरक दमा नसलेल्या ढीगभर लोकांतही असतो! तुमच्या रिपोर्टमध्ये 'धोका जास्त' असं आलं तर कळणार काय, तर ज्याला दमा आहे त्याला दमा होऊ शकतो. साडेबारा हजारात.

मग या रिसर्चचा उपयोग काय असं म्हणाल, तर आत नेमकी कुठली यंत्रणा बिघडलीय ते कळतं. तुम्ही लिहिलंत ना, प्रत्येक सर्दी छातीत उतरते. २०१४ मध्ये कोपनहेगनच्या गटाने बरोब्बर अशीच मुलं घेतली, २ ते ६ वर्षांची, दम्याच्या मोठ्या झटक्यांनी पुन्हा पुन्हा ॲडमिट होणारी, आणि त्यांच्यात सीडीएचआर३ नावाच्या जीनमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा फरक सापडला. तेव्हा हे प्रोटीन नक्की करतं काय तेच माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये कळलं की रायनोव्हायरस-सी, म्हणजे सर्दीचाच एक व्हायरस, पेशीत शिरायला हाच दरवाजा वापरतो आणि ते अक्षर बदललेलं असेल तर पेशीवर असे दरवाजे जास्त उघडतात. मला हा शोध फार आवडतो, कारण आया जे वर्षानुवर्षं सांगत होत्या त्याची कडी तिथे सापडली. त्यावर औषध मात्र अजून नाही.

इंजेक्शनांचं वेगळं आहे. नणंदेच्या मैत्रिणीची मुलगी कुठल्या औषधावर आहे मला माहीत नाही, पण त्यातलं एक ड्युपिलुमॅब, ते आयएल-४ आणि आयएल-१३ या दोन निरोप्यांना पेशीच्या दारातच अडवतं. ६ ते ११ वर्षांच्या ४०८ मुलांवर ट्रायल झाली, त्यातल्या ॲलर्जीच्या धाटणीच्या दम्याच्या मुलांत वर्षाचे मोठे झटके नकली इंजेक्शन घेणाऱ्यांना सरासरी ०.७५ तर हे घेणाऱ्यांना ०.३१ आले. चांगलाच फरक आहे. पण मेपोलिझुमॅबचं उदाहरण बघा, हे इओसिनोफिल वाढवणाऱ्या आयएल-५ ला धरतं. मोठ्यांमध्ये झटके साधारण निम्मे होतात, म्हणून अमेरिकेतल्या ९ शहरांमधल्या २९० मुलांवर वर्षभर ट्रायल झाली, तर नकली इंजेक्शनवाल्यांत वर्षाला १.३० झटके आणि औषधवाल्यांत ०.९६, एवढंच. नाकातून घेतलेल्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की इओसिनोफिलची भानगड शांत झाली होती पण श्वासनलिकेच्या अस्तराची दुसरी भानगड सुरूच होती. म्हणजे 'दमा' या एका शब्दाखाली तीन-चार वेगळे आजार नांदतायत आणि इंजेक्शन निवडायचं तर आधी कुठला ते ओळखावं लागतं. ते थुंकीच्या डीएनएवरून कळत नाही, बरंचसं तुमच्याकडे आहेत त्याच साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून कळतं.

आणि तुमच्या घरात मॉलिक्युलर औषधं, म्हणजे नेमक्या रेणूवर काम करणारी, आधीच आहेत हो. ती गुलाबी गोळी ल्युकोट्राइन नावाच्या रेणूंना अडवते, ते रेणू ज्यांनी ओळखले त्या स्वीडनच्या सॅम्युएलसन यांना १९८२ चं नोबेल मिळालं (मुख्यतः त्याच्या भाऊबंद रेणूंसाठी, पण असो). आणि पंपातलं स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन सूज वाढवणारे जीन बंद करतं. जीनच्या बटणावरच बोट ठेवणारं औषध तुम्ही कपाटात ठेवलंय आणि सासूबाईंच्या भीतीने अर्धंच देताय 🙂

सांगलीचा_बालरोगवाला

वरच्या ताईंनी छान लिहिलंय. माझं थोडं रोखठोक आहे, रागावू नका.

डोस आणि औषध इथे कुणी ठरवू नये, मीही नाही. पण ८७० आणि ६२० हे आकडे बघून लगेच इंजेक्शनाकडे धावायचं नसतं, आपल्याकडे पोटात जंत असले तरी दोन्ही वाढतात, ते आधी बघून घ्या. तुमच्या मुलाला दमा 'गंभीर' आहे की औषध पोचतच नाहीये, हे ठरल्याशिवाय तो विषय निघतच नाही. माझ्याकडे 'पंपाने काही होत नाही' म्हणून येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचा पंप रिकामा असतो किंवा स्पेसर ओठांत घट्ट नसतो. हलवायचा, एक वेळी एकच दाब, पाच-सहा शांत श्वास, मग चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या, फडक्याने पुसलात तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं.

रोजच्या पंपाचा परिणाम दिसायला काही दिवस ते आठवडे जातात, म्हणून 'बरा दिसला की बंद' या पद्धतीत तो कधी पूर्ण चढतच नाही. सासूबाईंना सांगा, पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि झटका आल्यावर पोटातून देतो ते मिलिग्रॅममध्ये, एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पंप टाळून स्टेरॉइडच आपण कितीतरी पट जास्त देतो.

गुलाबी गोळीने मूल चिडचिडं झालं, रात्री घाबरून उठायला लागलं तर डॉक्टरांना जरूर सांगा, अमेरिकेत २०२० पासून त्यावर ठळक इशारा आहे. आणि बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळे दिसले तर इथे लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल.

गावाकडचा_बंड्या

शहरात पोरं फार स्वच्छ ठेवता म्हणून होतं हे सगळं. आमच्या गोठ्यात पाठवा महिनाभर.

पिपेटवाली

बंड्याभाऊ, हसण्यावारी नेत नाही मी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन ख्रिस्ती पंथांच्या मुलांचा अभ्यास आला होता, दोन्हींचे पूर्वज मध्य युरोपातले, दोघंही शेतकरी, पण आमिश घरालगतच्या गोठ्यात वाढतात आणि हटराइटांची शेती मोठी, यंत्रांवरची. दमा आमिशांमध्ये ५.२ टक्के, हटराइटांमध्ये २१.३. पण ती मुलं जन्मल्यापासून तिथे असतात. दमा झालेल्या पोराला साडेसाताव्या वर्षी शेणाच्या आणि चुलीच्या धुरात सोडलं तर उलट झटका येऊ शकतो.

नाशिकची_आई

सगळ्यांचे खूप आभार. टेस्टचं पत्रक रद्दीत टाकलं. सकाळी पंप देताना मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि नंतर बघितला तर स्पेसरच्या बाजूने औषधाचा पांढरा ढगच बाहेर येतोय, पोरगा मस्त टीव्ही बघतोय, मी दाब मोजतेय. इतके दिवस कळलंच नाही! सोमवारी डॉक्टरांकडे जातेय, व्हिडिओ दाखवणार आणि जंतांचंही विचारणार. सासूबाईंना मायक्रोग्रॅमचं गणित सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे पंपात कमी? म्हटलं हो, हजाराचा हिशेब आहे. तेव्हापासून गप्प आहेत, आज रात्रीचा पंप त्यांनीच आठवण करून दिला.