मदत हवी आहे : घरी बांधलेल्या पॅनेलवर ‘ट्रॅक अँड फील्ड’चा धावपटू वेग का घेत नाही?

न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सहलीत यंदा खेळांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यांच्या जोडीला मी कोनामी कंपनीचा १९८३ सालचा ‘ट्रॅक अँड फील्ड’ हा आर्केड गेम ठेवायचे कबूल करून बसलो आहे. जपानमध्ये हाच गेम ‘हायपर ऑलिम्पिक’ या नावाने निघाला होता. याची निवड करण्याचे कारण असे की तो कोणाला शिकवावा लागत नाही. प्रत्येक खेळाडूला धावण्यासाठी दोन बटणे आणि उडी किंवा फेक यांसाठी एक, एवढाच संसार असतो. शर्यतीत दोघे एकाच वेळी धावतात आणि जोड्या पाडून चार जण खेळू शकतात. आठ वर्षांचे मूल आणि सत्तरीचे आजोबा एकाच रेषेवर उभे राहू शकतील असे दुसरे काही मला तरी सुचले नाही.

मूळ यंत्राचा जुना सर्किट बोर्ड मी एका विक्रेत्याकडून घेतला होता. त्यावर विक्रम जपून ठेवण्यासाठी असलेली बॅटरी गळून तिने आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकले होते, त्यामुळे तो सध्या कपाटात आहे आणि गेम संगणकावर मेम या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालतो. पहिला प्रयोग साध्या कीबोर्डवर केला. दोघांनी एकदम कळा बडवल्या की काही कळा संगणकापर्यंत पोहोचतच नसत. स्वस्त कीबोर्डात सर्व कळा आडव्या-उभ्या तारांच्या एकाच जाळीवर असतात आणि ठरावीक जोड्या एकत्र दाबल्या की तिसरी कळ अडते, हे मला नंतर कळले. म्हणून प्लायवुडचे पॅनेल कापून त्यावर मायक्रोस्विचची (आत टक् करणारा छोटा स्विच असलेली) सहा बटणे बसवली आणि ती एका स्वस्त यूएसबी एन्कोडरला, म्हणजे बटणांचे दाब संगणकाला कळवणाऱ्या छोट्या सर्किटला, जोडली. कळा अडण्याचा प्रश्न त्याने सुटला.

आता खरी अडचण सांगतो. १०० मीटरच्या शर्यतीत बेताने बटणे दाबली तर वेगाची पट्टी व्यवस्थित चढते. पण जोर लावून, बोटे थरथरवत, जितक्या वेगाने शक्य आहे तितक्या वेगाने दाबली की पट्टी आणखी चढण्याऐवजी खाली येते. हा दोष माझ्या वयाचा असावा असे समजून बारा वर्षांच्या भाच्याला बसवले, तर त्याचा धावपटू माझ्यापेक्षाही संथ निघाला. लांब उडीत आणि ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतही हेच होते. हातोडाफेकीत मात्र काहीच त्रास नाही, कारण तिथे गिरकी एकदा सुरू झाली की वेग आपोआप वाढतो आणि योग्य क्षणी फेकणे एवढेच आपल्या हाती राहते.

दुसरी अडचण भालाफेकीची आहे. फेकण्याचे बटण जितका वेळ दाबून ठेवावे तितका कोन वाढत जातो आणि सोडताच भाला सुटतो. मी साधारण ४५ अंश दिसताच बोट उचलतो, तरी भाला प्रत्येक वेळी त्याहून पुष्कळ उभा जातो. भाला फारच उभा गेला तर पडद्याबाहेर जाऊन एखादा पक्षी खाली पाडतो आणि त्याचे जादा गुण मिळतात, त्यामुळे भाच्याला ही अडचण वाटतच नाही. पण पात्रतेचे अंतर गाठले नाही तर खेळ तिथेच संपतो, आणि रांगेत उभ्या असलेल्या लोकांना पक्ष्याचे कौतुक किती वाटेल याची मला शंका आहे.

बटणे बदलावीत, एन्कोडर बदलावा, की दोन्ही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सहलीला तीन आठवडे आहेत.

प्रतिसाद

आपल्या वर्णनातील ‘जोरात दाबले की वेग कमी होतो’ हे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण संशय त्यामुळे थेट एन्कोडरवर जातो. बटणाचा धातूचा संपर्क जुळताना काही क्षण थरथरतो आणि एका दाबाचे अनेक दाब मोजले जाऊ नयेत म्हणून एन्कोडर थोडा वेळ थांबून खात्री करून घेतो. याला डिबाऊन्स म्हणतात. हा थांबण्याचा काळ समजा ४० मिलिसेकंद असेल आणि आपले बोट बटणावर २५ मिलिसेकंदच टेकले असेल, तर तो दाब एन्कोडरच्या लेखी झालाच नाही. बोटे जितकी चपळ, तितके असे गायब होणारे दाब अधिक. भाचा आपल्यापेक्षा संथ का निघाला याचेही उत्तर बहुधा यातच आहे. गेमची चित्रे सेकंदाला ६० या गतीने बदलतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक चित्रामागे बटण एकदा पाहिले जाते असे धरले तरी (एका चित्रात दाबलेले, पुढच्यात सोडलेले) एका बटणाचे सेकंदाला ३० दाब मोजता येतील. मानवी हात तिथवर जात नाही, तेव्हा गेमला दोष देऊ नये. डिबाऊन्सचा काळ कमी करता येईल असा एन्कोडर घ्यावा.

मायक्रोस्विचऐवजी लीफ स्विचची बटणे मिळाल्यास अवश्य घ्यावीत. त्यांत धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात आणि पट्टी किंचित वाकवून त्यांमधील फट आपल्या सोयीने कमी करता येते, त्यामुळे बटण पूर्ण खाली न नेताही संपर्क होतो. टकटक आवाजही येत नाही.

भाल्याचे कारण मात्र वेगळे असावे. आपण मोठ्या टीव्हीवर खेळत आहात का? टीव्ही चित्रावर संस्कार करून ते उशिरा दाखवतो. आपल्याला ४५ अंश दिसतात तेव्हा गेममध्ये कोन पुढे गेलेला असतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. टीव्हीबाबत आपला अंदाज अचूक निघाला. टीव्हीवर गेम मोड (चित्रावरचे संस्कार कमी करून ते लवकर दाखवणारी सोय) सुरू केल्यावर भाला बराच ताळ्यावर आला आहे. भाचा नाराज आहे. नवा एन्कोडर आणून डिबाऊन्सचा काळ ५ मिलिसेकंदांवर ठेवला, तेव्हा पट्टी पहिल्यांदाच थेट वर गेली आणि पुन्हा खाली आली नाही. लीफ स्विचची बटणे मागवली आहेत, ती पुढच्या आठवड्यात येतील.

एक नियम मी आताच ठरवून टाकला आहे. जपानमधील मुले फूटपट्टीचे एक टोक धरून दुसरे बटणावर थरथरवत असत आणि अमेरिकेत बोटांमध्ये पेन्सिल अडकवून ती दोन्ही बटणांवर तराजूच्या दांडीसारखी हलवली जाई, हे मला ठाऊक आहे. कोणी त्याला कौशल्य म्हणेल. पण बटणांचा खर्च माझ्या खिशातून झालेला असल्यामुळे आमच्या सहलीत फक्त हात चालतील.

आता एकच गोष्ट राहिली आहे. धावण्याची दोन बटणे मी केंद्रापासून केंद्रापर्यंत सात सेंटिमीटरवर बसवली आहेत आणि ती मुलांच्या हातांना लांब पडतात. कोणाच्या जवळपास मूळ यंत्र असेल तर त्यावरील अंतर पट्टीने मोजून कळवावे. लीफ स्विच येण्यापूर्वी नवे प्लायवुड कापून ठेवता येईल.