फवारणीनंतर झुरळं पुन्हा आली. आता जेल लावू की परत फवारणी?

सावली:
नमस्कार. स्वयंपाकघरात बारीक तपकिरी झुरळं झाली आहेत. रात्री दिवा लावला की ओट्यावरून सैरावैरा पळतात, मिक्सर उचलला की खालून दोन-चार निघतातच. एका कंपनीकडून घरभर फवारणी करून घेतली. आठवडाभर मेलेली झुरळं झाडून काढत होतो, मग सगळं शांत झालं. महिन्याभरात पिल्लं दिसायला लागली, आणि आता बेडरूमच्या कपाटातही आहेत, तिथे आधी कधीच नव्हती. कंपनी म्हणते, अजून तीव्र औषध वापरू आणि दर महिन्याला मारू. घरात रांगणारं बाळ आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतं. हॉलमध्ये माशांची टाकी आहे. दर महिन्याला जमिनीवर औषध मारून घ्यायला मन धजत नाही, आणि बाळाच्या बाटलीवर झुरळ फिरताना पाहिल्यापासून झोपही लागत नाही. झुरळांनी खाऊन मरावं म्हणून लावतात त्या विषारी आमिषाच्या जेलने खरंच जातात का? कंपनीला नेमकं काय विचारू?

रानवाटा:
आमच्याकडे जेलनेच गेली. पहिले काही दिवस काहीच फरक वाटला नाही, मग दिवसाउजेडी मेलेली सापडू लागली. धीर धरा, आणि तेवढ्या काळात घरचा स्प्रे हातात घेऊ नका.

पंपवाला:
ताई, या धंद्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आधी पाठीवर पंप घेऊन फिरलो, आता नवीन मुलांना काम शिकवतो. तुम्ही सांगताय त्यावरून ही जर्मन झुरळं वाटतात. एक पकडून डोक्यामागच्या ढालीवर बघा, दोन समांतर काळ्या रेघा दिसतील. पूर्ण वाढलेलं जेमतेम दीड सेंटिमीटर भरतं. गटारातून येतं ते मोठं लालसर झुरळ निराळं, त्याच्यासाठी मोरीची जाळी आणि ड्रेनेजची झाकणं बघावी लागतात. हे मात्र तुमच्या स्वयंपाकघरातच जन्मतं आणि तिथेच वाढतं.

पुन्हा का आली? मादी अंड्यांचा कोश पोटाच्या टोकाला धरूनच हिंडते. एका कोशात ३० ते ४० अंडी असतात, आणि पिल्लं निघायच्या जरा आधीच ती तो सोडते. कोशाच्या आत औषध पोचत नाही. पिल्लं निघायला आलेली असतील तर आई मेली तरी ती निघतात. त्यातून अंगावर कोश असलेली मादी फटीतून फारशी बाहेर पडतच नाही. म्हणजे झाडून काढलीत ती उघड्यावर फिरणारी झुरळं होती, पुढची पिढी आत शाबूत राहिली.

बेडरूमचं कोडंही त्यातलंच. घरगुती फवारणीत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. त्याचा त्रास झाला की झुरळं ती जागा सोडून पांगतात. शिवाय या गटाला जर्मन झुरळं अनेक ठिकाणी जुमानेनाशी झाली आहेत. त्याच गटातलं औषध दाट करून मारलं तर झुरळांपेक्षा घरातल्या माणसांना जास्त पोचेल. घरात धूर सोडणारे डबे मिळतात त्यांचीही तीच गत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी राहत्या घरांत ते तपासले. झुरळं कमी झाली नाहीत, कीटकनाशक मात्र घरभर बसलं. जेल लावलेल्या घरांत झुरळं खरोखर घटली.

तेव्हा जेलच. पण ते लावण्यात कसब आहे, आणि इथेच बहुतेक माणसं घाई करतात. रात्री दिवे मालवून तासाभराने टॉर्च घेऊन आत जा. ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागऱ्या बघा, बिजागरीच्या पेल्यात पिल्लं गच्च बसलेली सापडतील. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ती फट, फ्रिजच्या मागची मोटर, दाराच्या रबराची घडी, मिक्सर आणि मायक्रोवेव्हचा तळ. जिथे ऊब, पाणी आणि अरुंद फट एकत्र आहे तिथे त्यांचा अड्डा. मिरपुडीसारखी काळी विष्ठा जिथे साचलेली दिसेल, तिथे खडूने खूण करा. चिकट सापळे मिळाले तर चार कोपऱ्यांत ठेवा, कुठे जास्त अडकतात त्यावरून अड्डा कळतो. माझी मुलं या पाहणीला कामाचा निम्मा वेळ देतात, आणि त्याबाबत मी कुणाला सूट देत नाही.

मग खुणेच्या जागी, फटीच्या आत, २-३ मिलिमीटरचे थेंब. मोठे गोळे थोडे लावण्यापेक्षा बारीक थेंब भरपूर लावलेले बरे, कारण पिल्लं लांबवर खायला जात नाहीत. झुरळ खाऊन लगेच मरत नाही, अड्ड्यावर परत जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मढं पिल्लं खातात आणि तीही मरतात. फवारणी जिथे पोचली नाही तिथे जेल असं पोचतं. म्हणूनच जेलच्या आसपास स्प्रे, फिनेल काही मारायचं नाही. वास लागला की झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. ओटा रोज पुसा, तेलकटपणा राहू देऊ नका, रात्री सिंक कोरडं करा. दुसरं खायला मिळालं नाही तरच जेल खाल्लं जातं.

कंपनीला विचारा: कीड कोणती, औषधातला घटक कोणता, लेबल दाखवाल का, जेल कुठे कुठे लावणार, आणि पुन्हा तपासायला कधी येणार. दोन आठवड्यांनी परत येऊन वाळलेलं जेल बदलणारा माणूस पाहिजे. सोबत वाढ रोखणारं औषध वापरता का, हेही विचारा. त्याने पिल्लं धड प्रौढ होत नाहीत. ‘हर्बल आहे, काही होत नाही’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा बघा. पायरेथ्रम हे कीटकनाशक फुलांपासूनच काढतात, तरी ते टाकीतल्या माशांना घातक आहे.

अबोली:
यातच विचारते. आमच्या पलंगाच्या सांध्यांत ढेकूण झालेत. हेच जेल चालेल का?

पंपवाला:
नाही चालणार. ढेकूण फक्त रक्त पितो, जेलला तोंडच लावणार नाही. तिथे उष्णता कामाला येते. चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. पलंग सुटा करून सांधे, स्क्रूची भोकं, गादीची शिवण पाहा आणि वाफेचं यंत्र सावकाश फिरवा. अंडी चिकटलेली असतात, झाडून निघत नाहीत. ढेकूण उपाशीपोटी काही महिने सहज काढतो, त्यामुळे खोली बंद ठेवून भागत नाही. पलंग दुसऱ्या खोलीत हलवू नका, त्याने ते घरभर पसरतात. औषधासाठी माणूस बोलवा, आणि पुन्हा येण्याचं आधीच ठरवून घ्या.

कोपरा:
मुंग्यांच्या रांगेवर स्प्रे मारावा का?

पंपवाला:
शक्यतो नको. बारीक पिवळसर मुंग्यांच्या काही जाती अशा वेळी वारूळ विभागतात, एका रांगेच्या चार होतात. त्यांनाही आमिषच द्यावं.

सावली:
रात्री टॉर्चने पाहिलं. फ्रिजच्या मोटरपाशी इतकी होती की मी मागेच सरले. बिजागऱ्यांतही तुम्ही म्हणालात तशीच. दोन गोष्टी विचारायच्यात. मोटरजवळ जेल लावलं तर चालेल का? आणि शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आमच्या भिंतीला लागूनच आहे, तिकडूनही येत असतील का?

पंपवाला:
आधी फ्रिजचा प्लग काढा. तापणाऱ्या भागावर थेंब नको, लगेच वाळतो. बाजूच्या पत्र्याच्या कडेला आणि तळाच्या चौकटीत आतल्या बाजूने लावा. बाळाचा हात पोचेल अशी एकही जागा नको. ज्या खालच्या कपाटांत जेल आहे त्यांना कडी लावा, आणि लावणाऱ्याकडून सगळ्या जागा कागदावर लिहून घ्या.

शेजारून नक्की येऊ शकतात, पाइपची भोकं हाच त्यांचा रस्ता. पण ती भोकं आधी बुजवू नका. आत जेल लावा, हालचाल थांबली की मग सिमेंट नाहीतर सीलंट भरा. शेजाऱ्यांशी आजच बोला, दोन्ही घरांत एकाच आठवड्यात काम झालं तर टिकतं.

कधी फवारणी करावीच लागली तर टाकी काचेने किंवा प्लास्टिकने घट्ट झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, तो खोलीतली हवा पाण्यात ओढतो. बाळाला घेऊन तुम्हीही बाहेर थांबा, औषध पूर्ण वाळून घर मोकळं हवेशीर होईपर्यंत. दोन आठवड्यांनी सापळ्यांत किती अडकली ते इथे कळवा. कमी झाली नसतील तर जेल बदलू. काही जर्मन झुरळं ग्लुकोज असलेलं आमिष टाळायला लागली आहेत, हे १९९३ सालीच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. अशा वेळी वेगळ्या आमिषाचं जेल घ्यावं लागतं.